शांतवनचं मागणं

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून शांतवन मकासरे बोलायला लागला, की नुसता भाव विचारायला आलेली बाई पिशवी घेऊनच खाली उतरायची. समोरची स्वतःसाठी बघतेय की विहिणीसाठी, हे तो ती चप्पल काढत असतानाच ओळखायचा. विहिणीसाठी आलेलीला तो आधी मुद्दाम हलकी साडी दाखवायचा आणि "ही नको, नावं ठेवतील" हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचा. मग नारायणपेठ उलगडायचा. "घ्यायची नसली तरी बघा ताई, बघून काही पदर विटत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेठजी म्हणायचे, मकासरेला वाळवंटात बसवला तरी तो उंटाला शालू विकून येईल.

असा हा जिभेवर साखर घोळवणारा माणूस प्रार्थना म्हटली की मुका व्हायचा.

मुका म्हणजे अगदी मुका. मराठी ख्रिस्ती घरांत एक रिवाज आहे. वाढदिवस असो, आजारपण असो, नाहीतर नवा फ्रिज आलेला असो, चार माणसं जमली की एक गीत होतं, शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, थोडं वाचन होतं, आणि मग यजमान कुणाकडे तरी बघून म्हणतात, "तुम्ही प्रार्थना करा." ही प्रार्थना पुस्तकातली नसते. डोळे मिटून, त्या घरासाठी त्या वेळी मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. ज्याला सांगितलं त्याने नाही म्हणायचं नसतं. 'नाही' न म्हणता निसटण्याच्या सगळ्या वाटा शांतवनने शोधून ठेवल्या होत्या. गीताचं शेवटचं कडवं आलं की त्याला फोन यायचा. फोन नाही आला तर गाडी नीट लावली की नाही ते बघायला तो खाली जायचा. एकदा तर तो यजमानांच्या बाथरूममध्ये इतका वेळ थांबला, की बाहेर आल्यावर त्याला कळलं, त्याच्या पोटासाठीही प्रार्थना होऊन गेली होती.

लोकांना वाटायचं, विनय आहे. कारण तो भास्करराव मकासऱ्यांचा मुलगा. भास्करराव शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, पण त्यांची ओळख होती प्रार्थनेची. घोरपडीपासून लोणी काळभोरपर्यंत चर्चच्या मंडळीतल्या कुणाचंही नवं घर झालं, की ते देवाला समर्पण करायची प्रार्थना भास्कररावांनीच करायची. त्यांचा आवाज खालून सुरू व्हायचा, चढत जायचा, चहा गार व्हायचा आणि कुणी कपाकडे बघायचं नाही. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी कुठेही गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "भास्कररावांचा का? मग प्रश्नच नाही." प्रश्न तर तोच होता. त्या आवाजापुढे आपला आवाज काढायची शांतवनला लाज वाटायची, आणि लाजेपोटी त्याने देवाशी बोलणंच सोडून दिलं होतं. रविवारी सकाळची उपासना आटोपून तो दुकान गाठायचा आणि तेवढ्यात आपला विश्वास उरकायचा.

हे असंच निभावलं असतं. पण मुलगी मोठी झाली.

तनया पंधरा वर्षांची, तोंडाची फटकळ आणि मनाची सरळ. त्या वर्षी तिचं दृढीकरण ठरलं. मूल तान्हं असताना आईबाप त्याच्या वतीने जे वचन देतात, ते मोठं झाल्यावर त्याने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने द्यायचं, त्याला दृढीकरण म्हणतात. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्ट सणाच्या रविवारी ते व्हायचं होतं. आणि मकासऱ्यांच्या घरात एक रीत होती, आदल्या संध्याकाळी बापाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. भास्कररावांनी शांतवनसाठी केली होती. त्यातला एक शब्दही त्याला आठवत नव्हता. हाताचं वजन तेवढं आठवत होतं.

विषय जेवताना निघाला. नाताळचा तारा अजून गॅलरीत लटकत होता. शांतवनची बायको कादंबरी एका बालवाडीत शिकवायची. ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, आदल्या संध्याकाळचं लक्षात आहे ना? ते तुम्हालाच करायचंय."

"त्याची सोय आहे," शांतवन म्हणाला. "बाबांची एका घराच्या समर्पणाची कॅसेट होती ना, ती मी मोबाईलवर घेतलीय. तीच लावू. आजोबांचा आशीर्वादच की."

तनयाचा घास हातातच राहिला. "पप्पा, सिरीयसली? कॅसेट?"

"का? आजोबांसारखी प्रार्थना आता कोण करणार?"

"आजोबा माझ्या जन्माआधी गेले. त्यांना मी माहीत पण नाही." ती थांबली, मग ताटाकडे बघत बोलली. "क्लासमध्ये आम्हाला प्रश्नोत्तरं पाठ करायला दिलीत. नुसतं पाठ म्हणायचं तर मी शाळेत प्रतिज्ञा पण म्हणते. पण तिथे मला 'मी विश्वास ठेवते' असं म्हणायचंय. तुम्ही ठेवता का, तेच मला माहीत नाही. तुमच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. तुम्ही तुमची प्रार्थना करणार असाल तर मी उभी राहीन. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

ती उद्धटपणे बोलली असती तर रागावता तरी आलं असतं. शांतवनने ताट बाजूला सारलं. त्याला पोरीची भीती वाटली, कारण ती खरं बोलत होती. हात धुताना त्याने मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, पेन्टेकॉस्टच्या आत शिकायचं.

शिकवणारं माणूस एकच होतं. सुंदराबाई आढाव. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये त्यांनी हयातभर मेट्रनचं काम केलं होतं आणि आता चर्चच्या आवारात मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता आज्या झाल्या होत्या, तरी सुंदराबाई समोरून आल्या की त्या अजून रंगवलेली नखं पदराखाली घ्यायच्या.

सोमवारी दुकानाला सुट्टी असते. शांतवन सकाळीच जाऊन उभा राहिला.

"मावशी, मला प्रार्थना शिकायचीय."

"वय काय तुझं?"

"एक्केचाळीस."

"लवकर आलास," सुंदराबाई म्हणाल्या आणि मंडईतून आणलेली मटारची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "सोल."

शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी चहा ठेवला. कप पुढे करून म्हणाल्या, "आता चहासाठी प्रार्थना कर. आपण दोघंच आहोत."

शांतवनने डोळे मिटले. लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं गोळा करून त्याने सुरुवात केली. "हे दयासागरा, कृपासिंधो, स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी दीन लेकरं तुझ्या चरणकमळी नतमस्तक होऊन..."

"थांब. कृपासिंधो हा शब्द तू दुकानात कधी वापरलास?"

"नाही."

"घरी?"

"नाही."

"मग इथे कुणाला दाखवायला काढलास? घडी घालून ठेव आत." त्यांनी नियमच घालून दिला. जो शब्द घरात नाहीतर दुकानात वापरत नाहीस, तो प्रार्थनेत आणायचा नाही.

शांतवन विचारात पडला. दयासागर गेला, कृपासिंधो गेला, चरणकमळं गेली, नतमस्तक होणं गेलं. झाडून सगळं बाहेर काढल्यावर त्याच्याकडे फार काही उरलं नाही.

"प्रभू," तो म्हणाला. मग एक डोळा उघडून त्याने कपाकडे बघितलं. "चहा."

"आमेन," सुंदराबाई म्हणाल्या. "ही तुझी पहिली. वाईट नव्हती."

असे सोमवार सुरू झाले. शांतवनला वाटलं होतं, त्या त्याला प्रार्थना म्हणून दाखवतील आणि तो उचलेल. पण त्या त्याला शास्त्रातलं थोडं वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, "या माणसाची तक्रार काय आहे?" शास्त्रात इतकी माणसं देवाशी भांडतात, रुसतात, तू झोपलास का म्हणून विचारतात, हे त्याने जन्मभर ऐकूनही कधी ऐकलं नव्हतं. मग दुपारी सुंदराबाई त्याला बरोबर घेऊन मंडळीतल्या आजारी माणसांकडे निघायच्या. त्याचं काम पिशवी धरायचं.

तिथे गेल्यावर त्या लगेच प्रार्थना करत नसत. बसायच्या. पाय किती सुजलाय ते बघायच्या, गोळ्या घेतल्या का विचारायच्या, सून वेळेवर जेवायला देते का हे सुनेच्या देखत विचारायच्या. म्हातारं माणूस तेच ते सांगायला लागलं तरी त्यांची मान हलत राहायची. शेवटी दोन वाक्यांची प्रार्थना, आणि त्या दोन वाक्यांत त्या माणसाने सांगितलेलं सगळं यायचं.

"आधी ऐकायचं," परतताना त्या म्हणायच्या. "अर्धी प्रार्थना समोरच्याच्या तोंडूनच येते. गिऱ्हाइकाचं न ऐकता तू साडी काढतोस का?"

"नाही."

"मग."

शांतवन हळूहळू सुधारत होता. घरी जेवणाआधी तो आता मोठ्याने एक वाक्य म्हणायचा, आणि तनया ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याचा हात अजून फोनकडे जायचा. आणि खरी गोष्ट अशी की तो चोरून वेगळंच करत होता. रोज सकाळी स्कूटरवरून दुकानाला जाताना तो कानात बाबांची कॅसेट लावायचा. ऐकून ऐकून ती त्याला चढउतारांसह पाठ झाली होती. वेळ आलीच तर असावी म्हणून. सुंदराबाईंचे सोमवारही हवेत आणि बाबांचा आवाजही, असे त्याचे दोन्ही डगरींवर हात होते.

वेळ आली ती लोणी काळभोरला.

तिथले हिंमतराव लोंढे गेले. एका कॉलेजची बस चालवायचे, मंडळीतला जुना माणूस. दफन झाल्यावर काही दिवसांनी घरी सांत्वनाची उपासना ठेवली होती. शांतवन सुंदराबाईंना घेऊन गेला. घर माणसांनी भरलं होतं. हिंमतरावांची बायको मालनबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे, नजर दाराकडे. पुण्याहून यायचे चर्चचे पाळकसाहेब सोलापूर रस्त्यावर वाहतुकीत अडकले होते. गीत झालं, वाचन झालं. सुंदराबाईंचा घसा खोकल्याने पार बसला होता.

तेवढ्यात हिंमतरावांचे थोरले भाऊ धोंडिबा यांचं लक्ष शांतवनकडे गेलं. "भास्कररावांचं पोरगं हाय न्हवं हे? या घराचं समर्पन भास्कररावांनीच केलं हुतं. करा, तुमीच करा आता."

फोन खिशात होता, पण वाजला नाही. सगळ्या माना वळल्या. "भास्कररावांचा का?" कुणीतरी कुजबुजलं. सुंदराबाईंनी त्याच्याकडे बघून, थोडंच, या अर्थी बोटाची चिमूट केली. शांतवनने ती पाहिली. पण माणसांनी भरलेलं घर, बाबांचं नाव आणि सगळ्यांचे मिटलेले डोळे, यांनी त्याचा घात केला. त्याने डोळे मिटले आणि आतली कॅसेट सुरू झाली.

सुरुवात तर झकास झाली. आवाज खालून निघाला, बाबांचा निघायचा तसाच. लोक "होय प्रभू, होय प्रभू" म्हणायला लागले. कुणी हुंदका दिला. शांतवनला स्वतःच्या आवाजाची नशा चढली. आपण बाबांसारखं करतोय, बाबांसारखंच करतोय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि वाक्यामागून वाक्य आपोआप येत होतं.

"हे प्रभू, या घराच्या धन्याला या घरात चिरकाल नांदव," तो म्हणाला. "आज जो दिवस तू या घराला दाखवलास, असेच दिवस या घरात पुन्हा पुन्हा दाखव. आणि या दारात माणसांची अशीच रीघ लागू दे."

"आमेन," धोंडिबा सवयीने म्हणाले.

कोपऱ्यातल्या एका पोराने फिसकन हसून तोंड दाबलं. शांतवनने डोळे उघडले तेव्हा मालनबाई त्याच्याकडेच बघत होती. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. घाम नुसता फुटला नाही, मानेवरून ओघळला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. चहा न घेता तो बाहेर पडला.

परतीच्या बसमध्ये हडपसर येईपर्यंत सुंदराबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग बसक्या आवाजात म्हणाल्या, "चिरकाल नांदव म्हणालास."

"हो."

"परवापरवा मातीत ठेवला त्याला."

"मावशी, मी सोडतो हे," शांतवन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कोण बघतंय याची त्याला पर्वा नव्हती. "माझ्याच्याने नाही होणार. बाबांचं मला नाही जमणार."

"तुझ्या बाबांची ती देणगी होती. तुला नाही मिळाली. यात रडण्यासारखं काय आहे? तुझ्या बाबांना साडी विकता आली असती?" मग बस सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाल्या, "सोडायचं तर सोड. पण आधी लोणीला जाऊन ये."

"माफी मागायला?"

"बसायला."

पुढच्या सोमवारी शांतवन एकटाच लोणीला गेला. गावात उतरला, टपरीवर चहा घेतला, लोंढ्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला आणि परतीच्या बसमध्ये बसला. आल्यावर त्याने सुंदराबाईंना खरं ते सांगितलं.

"चहा घेताना प्रार्थना केलीस?"

"केली," तो ओशाळून म्हणाला.

"मग सोमवार अगदीच वाया नाही गेला. पुढच्या वेळी दारापर्यंत जा."

त्या आठवड्यात गादीवर बसलेला शांतवन शेठजींना ओळखू येईना. गिऱ्हाईक समोर आणि हा गप्प. घरी तनयाला प्रकार समजला होताच. पुण्यात लपवायच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर आधी पोहोचतात. ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मग तुम्ही परत जाणार ना त्यांच्याकडे?" आणि शांतवन म्हणाला, "जाणार." एकदा तोंडातून गेलं, मग मात्र मागे फिरायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं.

सोमवारी तो दारापर्यंत गेला. दार उघडंच होतं. मालनबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिने सुपावरून मान वर केली.

"आलासा? बसा. दार उघडंच हाय."

शांतवन उभाच राहिला. "मालनबाई, त्या दिवशी मी जे बोललो... मी बाबांची पाठ केलेली प्रार्थना म्हटली. समर्पणाची. मला माफ करा."

"ते कळलं मला तवाच," मालनबाई म्हणाली. "तेच शबूद. ह्या घरात आमी आलो तवा तुमच्या वडलांनी हेच म्हनलं हुतं. धनी असते तर पोट धरून हसले असते." ती हसली नाही. तांदळातला खडा काढून तिने अंगणात टाकला. "मानसांची रीघ लागू दे म्हनालात. त्या दिसापास्नं कोन फिरकलं न्हाई बघा. पोरगा मुंबईला गेला. भावजी शेतावर. तुमीच पैले. तुमचं मागनं देवानं काय ऐकलं न्हाई."

शांतवन मटकन ओसरीवर बसला. आपण मूर्खासारखं बोललो याची लाज त्याला इतके दिवस जाळत होती. आता त्याच्या ध्यानात आलं की तो इतके दिवस फक्त स्वतःचाच विचार करत होता. त्या भरल्या घरातला एकही माणूस परत आला नव्हता, आणि त्यात तोही होता.

मग तो नुसता बसला. सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागला. मालनबाई बोलत राहिली. हिंमतराव बस लावून आले की दारात चपला आपटायचे, धूळ झटकायला. अजून रस्त्यावर कुणाच्या चपला वाजल्या की ती उठते आणि मग आठवतं. कॉलेजची पोरं त्यांना मामा म्हणायची. चहात साखर जास्त लागायची. आता कुणी त्यांचं नावसुद्धा काढत नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. "अन् मला तर नाव काढल्याबिगर बरंच वाटत न्हाई," ती म्हणाली. शांतवन तांदूळ निवडत ऐकत राहिला. गादीवर बसून इतकी वर्षं बायकांचं बोलणं ऐकलं, पण विकायचं काही नसताना ऐकणं त्याला नवं होतं.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा मालनबाई म्हणाली, "करा आता."

"मला येत नाही, मालनबाई."

"त्या दिशी तर लई येत हुतं."

शांतवनने डोळे मिटले. आत कॅसेट नव्हती. भीती होती, पण तो उठून गेला नाही. तो बोलला, आणि आवाज त्याचाच होता, जरा चिरका, दुकानातला.

"प्रभू, हिंमतराव गेले. ते दारात चपला आपटायचे. मालनबाई अजून आवाज आला की उठतात. यांना एकटं वाटतंय, आणि आम्ही कुणी आलो नाही. आम्ही येऊ. तोवर तू इथे बस. आमेन."

मालनबाईचे डोळे त्या दिवशी कोरडे होते. आता तिने पदर तोंडाला लावला आणि ती मन मोकळं करून रडली.

सुंदराबाईंना त्याने सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, एवढंच म्हणाल्या, "'आम्ही येऊ' म्हणालास. आम्ही म्हणजे कोण?"

"बघतो," शांतवन म्हणाला.

आणि त्याने खरंच बघितलं. आता त्याला एकच ध्यास लागला. रविवारी उपासना सुटली की तो चर्चच्या फाटकाशी उभा राहायचा आणि जी जीभ तो शालू विकायला वापरायचा ती लोणीसाठी वापरायचा. "काका, उद्या माझ्याबरोबर लोणीला येताय? प्रार्थना करायला नाही हो, नुसतं बसायला. बसून काही अंग झिजत नाही." कुणी टाळलं तर तो पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचा. निसटायच्या सगळ्या वाटा त्याला स्वतःला पाठ होत्या, त्यामुळे त्याच्यासमोर कुणाची डाळ शिजायची नाही. "फोन आला वाटतं? घ्या, मी थांबतो," तो गोड हसून म्हणायचा. एका सोमवारी महिला मंडळाच्या बायका आल्या. एका सोमवारी पाळकसाहेब आले. परीक्षा संपल्यावर तनयाही आली, आणि आपला बाप एका ओसरीवर गप्प बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय आणि बाई बोलतेय, हे ती दाराच्या चौकटीला टेकून खूप वेळ बघत राहिली. निघताना सगळे डोळे मिटून उभे राहिले, आणि शांतवनने प्रार्थना केली तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

एप्रिल संपता संपता मालनबाईने तक्रार केली. "साखर पुरंना झाली बघा. रीघ रीघ म्हनालासा, लागली की हो."

पेन्टेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळी मकासऱ्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा नव्हती. सुंदराबाई एकमेव आरामखुर्चीत होत्या. धोंडिबा आणि मालनबाई लोणीहून बसने आले होते, मालनबाईने शेंगांची पिशवी कादंबरीच्या हातात दिली होती. गीत झालं. वाचन तनयानेच केलं. मग ती मधल्या स्टुलावर येऊन बसली आणि तिने डोळे मिटले.

शांतवनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवताना त्याला त्या जुन्या हाताचं वजन आठवलं, आणि आपला हात फार हलका आहे असं त्याला वाटलं. शब्द येईना. कादंबरी अस्वस्थ झाली. कुणाचा तरी फोन थरथरला. शांतवन तसाच उभा राहिला. तनयानेही डोळे उघडले नाहीत. ती वाट बघत होती, घाई न करता, आणि तिच्या त्या थांबण्यानेच त्याला धीर आला.

"प्रभू," तो म्हणाला, "ही तनया. उद्या ही तुझ्यासमोर उभी राहणार आहे. हिला प्रश्न पडतात. ते काढून घेऊ नकोस, त्या प्रश्नांनीच मला तुझ्याकडे आणलं. हिच्या बापाला नीट बोलता येत नाही. पण मी विश्वास ठेवतो. हे हिने माझ्या तोंडून ऐकावं म्हणून मोठ्याने सांगतोय."

पुढे काहीच सुचेना. आमेनसुद्धा ओठांवर येईना. हाताखाली तनयाचं डोकं हलत होतं. ती रडत होती. सगळे डोळे मिटून थांबले होते, आणि त्या शांततेत कोपऱ्यातून मालनबाईचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द आठवून बोलल्यासारखा.

"आज जो दिस तू ह्या घराला दावलास, असंच दिस ह्या घरात पुन्ना पुन्ना दाव. अन् ह्या दारात मानसांची अशीच रीघ लागू दे."

शांतवनने डोळे उघडले. मालनबाई त्याच्याकडेच बघत होती, आणि या वेळी ती हसत होती.

"आमेन," धोंडिबा म्हणाले, आणि मग सगळेच म्हणाले.